एका जवाहिऱ्याचें घर



आमच्या असोद्यांत एका कापसाच्या व्यापाऱ्याचा जुना वाडा होता. एके वर्षीं तो पाडला गेला आणि त्याचे कोरीव सागवानी खांब गाडींत भरून कोठें गेले, हें कोणींच विचारलें नाहीं. त्या वेळीं मी शाळेंत मुलांना इतिहास शिकवीत होतों. परंतु त्या वाड्याविषयीं एक ओळही मीं लिहून ठेवली नाहीं. ती चूक आठवून आज मी मुंबईंतील एका जतन केलेल्या घराची हकीकत सांगणार आहें.

गावदेवींत लॅबर्नम मार्गावर 'मणिभवन' नांवाची दोन मजली हवेली आहे. ती १९१२ सालीं बांधली गेली. मालक रेवाशंकर जगजीवन झवेरी हे जवाहिरे होते. १८९१ सालीं गांधीजी विलायतेहून परतले, तेव्हां रेवाशंकरभाईंचे बंधु डॉ. प्राणजीवन मेहता यांच्याकडे उतरले होते. तेव्हांपासूनचा हा स्नेह. त्या स्नेहामुळेंच १९१७ पासून १९३४ पर्यंत गांधीजींचें मुंबईंतील बिऱ्हाड मणिभवनांत असे.

आजारांतून बरे होत असतां गांधीजींच्या खोलींत चरखा फिरूं लागला, तो याच घरांत. आमच्या खानदेशचा कापूस तेव्हां गांठी बांधून मुंबईस जाई व तेथून परदेशींही रवाना होई. आणि त्याच मुंबईंत एका जवाहिऱ्याच्या माडीवर हातानें सूत काढलें जात होतें! रौलट कायद्याविरुद्धच्या चळवळींत ७ एप्रिल १९१९ रोजीं सरकारी नोंदणी न करतां 'सत्याग्रही' हें पत्र गांधीजींनीं येथूनच काढलें. १९२१ च्या नोव्हेंबरांत शहरांत दंगल उसळली, तेव्हां शांततेसाठीं त्यांनीं येथेंच उपोषण आरंभिलें. ४ जानेवारी १९३२ रोजीं पहांटे पोलिसांनीं त्यांना येथील गच्चीवरून पकडून नेलें.

विचार करा, व्यापारी माणसास सरकारची मर्जी किती मोलाची! तरीही या घराचें दार सत्याग्रह्यांना बंद झालें नाहीं. माझ्या मतें त्या घराची खरी श्रीमंती हीच होय.

१९५५ सालीं गांधी स्मारक निधीनें हें घर ताब्यांत घेतलें. आज तेथें ग्रंथालय आहे, चित्ररूप प्रसंग मांडलेले आहेत आणि दुसऱ्या मजल्यावरील गांधीजींची खोली चरख्यांसह जपून ठेविली आहे. १९५९ सालीं अमेरिकेंतील निग्रो बांधवांचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग येथें येऊन गेले.

आपल्या गांवच्या वाड्यांत कदाचित् कोणी महात्मा उतरला नसेल. पण दुष्काळांत कोठें धान्य वांटलें गेलें, कोणाच्या ओसरीवर पहिली शाळा भरली, हें वृद्धांना ठाऊक असतें. एक वही घ्या आणि तें लिहून ठेवा. गेलेले खांब परत आणतां येत नाहींत. आठवण मात्र अजून वांचवितां येईल.