साथरोग आणि नगरपरिषद : पेण व रोहा

रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा अष्टमी या नगरपरिषदांकडे शहराच्या स्वच्छतेची जबाबदारी आहे. मार्च २०२० मध्ये १८९७ चा साथरोग कायदा लागू झाला, तेव्हा निर्बंधांचे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना मिळाले. निर्जंतुकीकरणासारखी गल्लोगल्लीची कामे नगरपरिषदांकडे राहिली. त्यातच ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळाने जिल्ह्याला तडाखा दिला.

साथीनंतरची उभारणी अधिक अवघड होती. गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध असलेल्या पेणला शासनाच्या उंचीमर्यादेची झळ बसली : सार्वजनिक मूर्ती ४ फूट, घरगुती २ फूट. नगरपरिषदांमार्फत राबवलेली १० हजार रुपयांची 'स्वनिधी' कर्जयोजना पथविक्रेत्यांपुरती होती. मूर्ती कारखाने तिच्या कक्षेबाहेर राहिले. म्हणूनच पुनर्उभारणीच्या आराखड्यात गावाच्या मुख्य व्यवसायाचा विचार आधी व्हायला हवा.