रिकाम्या खुर्चीचा हिशेब : तुटपुंज्या पैशातल्या रेडिओची गोष्ट

रेडिओच्या इतिहासावर बोलायचं म्हटलं की मार्कोनी येतो, जगदीशचंद्र बोस येतात, युद्धकाळातल्या बातम्या येतात. आज आपण यांपैकी कुणाकडेच जाणार नाही. आज आपण रेडिओ केंद्राच्या जमाखर्चाची वही उघडणार आहोत. त्या वहीत एक प्रश्न वर्षानुवर्षं तसाच आहे. रात्री माइकसमोर कुणाला बसवायचं, आणि त्याचा पगार कुठून काढायचा?

या प्रश्नातूनच रेडिओचं ऑटोमेशन जन्माला आलं. ऑटोमेशन म्हणजे काय, तर निवेदक खुर्चीत नसताना गाणी, जाहिराती आणि घोषणा ठरलेल्या वेळी, ठरलेल्या क्रमानं वाजवणारी यंत्रणा. ती स्वस्तात कशी उभारायची याच्या युक्त्या दर दहा-पंधरा वर्षांनी बदलल्या. पण वाचलेल्या पैशाचं आणि वाचलेल्या माणसाचं पुढे काय केलं, हे आपल्याला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या अंगानंच हा इतिहास पाहू.

सुरुवात १९५० च्या दशकातल्या अमेरिकेत होते. घरोघर टेलिव्हिजन आला. संध्याकाळचा श्रोता तिकडे गेला आणि त्याच्या मागोमाग जाहिरातदारही गेला. मोठ्या शहरातली केंद्रं कशीबशी सावरली. गावातल्या केंद्राकडे मात्र दोन निवेदक, एक तंत्रज्ञ आणि थकलेली बिलं एवढंच उरलं. अशा केंद्रांसाठी यंत्रणा बनवणाऱ्यांमध्ये कॅलिफोर्नियातल्या पॉल शेफर यांचं नाव ठळक आहे.

त्यांची युक्ती समजायला सोपी आहे. टेपवर गाणं संपलं की शेवटी २५ हर्ट्झचा एक सूर भरलेला असे. हा सूर इतका खर्जातला, की घरच्या रेडिओतून तो ऐकू येत नसे. यंत्राला मात्र तो कळे. तो आला की ही टेप थांबायची आणि दुसरी सुरू व्हायची. दुसरीवर जाहिरात, तिसरीवर पुन्हा गाणी, आणि हे सगळं बटणं आणि रिले यांच्या जोरावर. १९५९ मध्ये कार्ट्रिज बाजारात आलं. डबीत बंद असलेली, टोकं जोडलेली टेप, वाजून झाली की पुन्हा आरंभाशी येऊन उभी राहणारी. मग जाहिरातींच्या डब्या गोल चक्रात लावून ठेवता येऊ लागल्या.

वेळ सांगायची कशी, हाही पेच होताच. त्यावरचा तोडगा ऐकण्यासारखा आहे. दोन डब्या ठेवायच्या. एकीत सम मिनिटांच्या घोषणा, दुसरीत विषम मिनिटांच्या. एक वाजायच्या तयारीत असताना दुसरी पुढे सरकते. श्रोत्याला वाटायचं, निवेदक घड्याळाकडे बघून बोलतोय. स्टुडिओत मात्र दिवा बंद.

पुढे सरकारी नियमानंही हातभार लावला. १९६४ मध्ये अमेरिकेत असं ठरलं, की मोठ्या शहरांतल्या मालकांनी आपल्या एएम केंद्राचेच कार्यक्रम एफएमवर निम्म्याहून जास्त वेळ वाजवू नयेत. हेतू चांगला होता. पण तेव्हा एफएमला श्रोते थोडे, म्हणून जाहिरातीही थोड्या. वेगळे कार्यक्रम तर द्यायलाच हवेत, आणि माणसं ठेवणं परवडत नाही. बऱ्याच मालकांनी तिथे यंत्र बसवलं. म्हणजे कार्यक्रमांत विविधता यावी म्हणून केलेल्या नियमानं न बोलणाऱ्या स्टुडिओंनाही चालना दिली.

मग संगणक आला. इथे थोडं गणित करू. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज मिनिटाला सुमारे १० एमबी जागा घेतो, तासाला ६०० एमबीहून जास्त. १९९० च्या सुमारास एवढी हार्ड डिस्क घेणं लहान केंद्राला झेपणारं नव्हतं. आवाज दाबून साठवण्याच्या पद्धती, म्हणजे एमपी३ आणि तिची भावंडं, आल्या आणि १२८ केबीपीएसला तोच मिनिट १ एमबीच्या आत बसला. डिस्क स्वस्त होत गेली. दहा फुटी कपाटभर टेप यंत्रांचं काम टेबलाखालच्या एका डब्यात मावलं.

याच काळात, १९९६ च्या कायद्यानं अमेरिकेत एका कंपनीनं देशभरात किती केंद्रं ठेवावीत यावरची मर्यादा उठली. मोठ्या कंपन्यांनी केंद्रं विकत घेतली, आणि एका शहरात बसलेला निवेदक पाच शहरांसाठी आवाज भरून ठेवू लागला. यंत्र जन्मलं होतं गरीब केंद्रासाठी. आता ते श्रीमंतांच्या नफ्यासाठी राबू लागलं.

इथे आपल्याला एका रात्रीपाशी थांबावं लागतं. १८ जानेवारी २००२, नॉर्थ डकोटा राज्यातलं मायनॉट शहर. पहाटे दीडच्या सुमारास मालगाडीचे ३१ डबे घसरले. टाक्या फुटल्या आणि अमोनियाचा ढग वस्तीवर आला. एक माणूस दगावला, तीनशेहून जास्त जखमी झाले. शहरातली सहाही व्यावसायिक केंद्रं तेव्हा एकाच कंपनीच्या मालकीची होती. पोलिसांचं म्हणणं, आम्ही केंद्रावर फोन केले, ते कुणी उचलले नाहीत. कंपनीचं म्हणणं, आमचा माणूस हजर होता, आणि पोलिसांनी आणीबाणीच्या इशाऱ्याची यंत्रणाच नीट लावलेली नव्हती. दोष कुणाचा यावर पुष्कळ वाद झाला. त्यात आपण पडायला नको. घरात अडकून रेडिओ लावणाऱ्या माणसाला आपल्या गल्लीत काय चाललंय हे हवेतून वेळेवर कळलं नाही, एवढं पुरेसं आहे.

आता योगायोग पाहा. त्याच २००२ मध्ये रिव्हेंडेल नावाच्या ऑटोमेशन प्रणालीचं काम सुरू झालं. लिनक्सवर चालणारी, संहिता सगळ्यांना खुली आणि परवान्याचा खर्च शून्य. पुढच्या दोनेक वर्षांत फ्रान्समध्ये लियाँच्या विद्यार्थ्यांनी लिक्विडसोप लिहायला घेतलं. त्यातली मुख्य कल्पना अडचणीतल्या केंद्राच्या पोटातून आल्यासारखी आहे. थेट कार्यक्रम चालू असेल तर तो वाजवा. तो तुटला तर यादीतली गाणी. यादीही बिघडली तर बाजूला ठेवलेली एक ध्वनिफीत. काहीही होवो, हवा मुकी राहता कामा नये. पुढे एअरटाइम आलं. त्याच्या मुक्त आवृत्त्या निघेनाशा झाल्या तेव्हा वापरणाऱ्यांनीच ती संहिता उचलली आणि २०१७ मध्ये लिब्रटाइम उभं केलं. फुकट मिळतं म्हणून मुक्त सॉफ्टवेअर घ्या, असं आपण बरेचदा ऐकतो. ते खरं आहे, पण अर्धंच. बनवणाऱ्यानं हात काढून घेतला तरी केंद्र बंद पडत नाही, हा त्याचा दुसरा आणि मोठा फायदा.

आता आपल्याकडे येऊ. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या पीठानं निकाल दिला, की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. शैक्षणिक संस्थांना परवाने मिळाले, चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र २००४ मध्ये सुरू झालं, आणि २००६ च्या धोरणानं स्वयंसेवी संस्थांनाही दार उघडलं. २००८ मध्ये आंध्रातल्या (आताच्या तेलंगणातल्या) माचनूरला दलित स्त्रियांचं संघम रेडिओ सुरू झालं. त्याच वर्षी आपल्या सातारा जिल्ह्यात, दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी बोलू लागली.

या केंद्रांची वही उघडली तर काय दिसतं? ताकद साधारणपणे जास्तीत जास्त १०० वॅट, अँटेना ३० मीटरपर्यंत, आवाज पोचणार पाच-दहा किलोमीटर. सुरुवातीच्या नियमात जाहिरातीला तासाला फक्त ५ मिनिटं. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांच्या सहभागानं केलेले हवेत. आणि जे जे वाजवलं ते तीन महिने जपून ठेवायचं. थोडक्यात, उत्पन्न बांधलेलं आणि काम वाढलेलं.

यातलं शेवटचं कलम ऐकून पूर्वी कुणाचीही छाती दडपली असती. तीन महिन्यांच्या टेपा ठेवायला खोली लागली असती. आज ६४ केबीपीएसनं चोवीस तास ध्वनिमुद्रण केलं तर दिवसाला ७०० एमबीसुद्धा होत नाही. ९० दिवसांचे साधारण ६२ जीबी, म्हणजे खिशात मावेल इतकं. हे मुद्रण यंत्रानं करावं, माणसानं नाही.

दिल्लीच्या ग्रामवाणी या संस्थेनं अशाच केंद्रांसाठी ग्रिन्स नावाची प्रणाली बनवली. तीत कार्यक्रम लावणं, मुद्रण, संग्रह हे तर आहेच, पण श्रोत्याचा फोन आणि एसएमएसही त्याच पडद्यावर येतो. हा फरक लहान नाही. शेफर यांची यंत्रणा निवेदकाशिवाय बोलायला शिकली होती. इथे यंत्र ऐकायलाही बसवलं.

पैसे कमी असतील तर ते कुठे घालावेत? आवाज वाजवायला जुना संगणक पुरतो, कारण त्याला फार ताकद लागत नाही. आपल्याकडे केंद्र बंद पडतं ते विजेनं. म्हणून आधी यूपीएस आणि स्टॅबिलायझर. मग वीज परतली की संगणक आपोआप सुरू होईल अशी जोडणी. मग हवेवर शांतता पडली तर कुणाच्या तरी मोबाइलवर इशारा जाईल अशी सोय. मग संग्रहाची दुसरी प्रत, शक्यतो दुसऱ्या इमारतीत. महागडा माइक यानंतर.

आणि यादीत सगळ्यात वर एक फोन नंबर, जो रात्रीही कुणीतरी उचलेल. त्या माणसाला घरबसल्या यंत्र थांबवून बोलता आलं पाहिजे. याला खर्च फारसा येत नाही, पण कुणाची पाळी आहे हे रोज ठरवावं लागतं. काही केंद्रांनी वेगळी वाट धरली. संघम रेडिओनं संध्याकाळचे मोजके तास घेतले, पण ते स्वतःच्या तोंडानं बोलून भरले. तीही काटकसरच आहे, आणि प्रामाणिक आहे.

सत्तर वर्षांचा हा हिशेब मांडला तर खुर्ची दोन कारणांनी रिकामी झालेली दिसते. कधी खुर्चीतल्या माणसाला काढून टाकलं म्हणून. आणि कधी खुर्चीतली बाई रेकॉर्डर घेऊन वस्तीवर गेली म्हणून, कारण दुपारची गाणी वाजवायला तिची गरज उरली नव्हती. यंत्र दोन्हीकडे तेच असतं. आपल्या गावातलं केंद्र ऐकाल तेव्हा रात्री एकदा तिथे फोन लावून बघा. कोण उचलतं त्यावरून कळेल, तिथला पैसा कशासाठी वाचवला गेला.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.