सहा अक्षरी मॅलॉक

सी भाषेतल्या ‘मॅलॉक’ या फंक्शनचं नाव इंग्रजी लिपीत मोजून सहा अक्षरांचं आहे. मेमरी अ‍ॅलोकेट, म्हणजे चालत्या प्रोग्रॅमसाठी स्मृतीत जागा मागणं, याचं ते आखूड रूप. ही काटकसर नुसत्या आळसाची नव्हे. सी भाषेचं पहिलं अमेरिकी प्रमाणक १९८९ साली आलं. निरनिराळ्या फायलींना जोडणाऱ्या नावांची पहिली सहाच अक्षरं ओळखली तरी चालेल, लहान-मोठ्या लिपीतला भेदही विसरला तरी चालेल, अशी सवलत त्यात होती. काही जुन्या यंत्रांवरचे लिंकर, म्हणजे फायली जोडणारे प्रोग्रॅम, त्यापुढे वाचतच नसत. मॅलॉक आणि त्याचं भावंड कॅलॉक या मापात नेमके बसतात. तिसरं भावंड रीअ‍ॅलॉक सात अक्षरी, म्हणून तिथे त्याचं शेपूट तुटायचं. २०१४ साली ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने ‘रीअ‍ॅलॉकअ‍ॅरे’ आणलं. जुन्या हिशेबाने ही दोन्ही नावं एकच ठरली असती!

अ‍ॅलोकेटच्या पोटात लॅटिन ‘लोकुस’ आहे, म्हणजे ठिकाण. लोकल, लोकेशन ही त्याचीच भावंडं. मध्ययुगीन लॅटिनमधल्या ‘अ‍ॅलोकारे’ची एक फांदी जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत ‘अलाऊ’ होऊन पोचली. वाटेत ती ‘वाखाणणे’ अशा अर्थाच्या दुसऱ्याच क्रियापदात मिसळली. तर जागा देणं आणि परवानगी देणं हे सोयरे निघाले. मॅलॉकला हे नातं शोभतं, कारण मॅलॉक हा अर्ज आहे, आणि नामंजूर झाला तर हातात ‘नल’, म्हणजे रिकामा पत्ता, पडतो. आपण त्याला ‘स्मृतिवाटप’ म्हणतो खरं. पण वाटप, वाटा, वाटणी ही ‘वण्ट्’ धातूची लेकरं, आणि वाटणीला बसताना एकूण किती आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं. इथे ते मागणाऱ्याला कळत नाही. रेशनच्या धान्याच्या संदर्भात सरकारी कागदांत येणारा ‘नियतन’ मला जास्त नेमका वाटतो.

या घराण्याची वंशावळ थोडी वाकडीतिकडी आहे. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १९७५च्या सहाव्या आवृत्तीत नुसते ‘अ‍ॅलॉक’ आणि ‘फ्री’ होते. कर्निगन आणि रिची यांच्या सी भाषेवरच्या १९७८च्या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत कॅलॉक आहे आणि त्याच्या जोडीला ‘सीफ्री’. १९७९च्या सातव्या युनिक्समध्ये मॅलॉक, कॅलॉक, रीअ‍ॅलॉक, फ्री ही आजची चौकडी एकत्र दिसते. सीफ्री पुढे अडगळीत गेला. ग्नूच्या सी लायब्ररीने २०१७ साली तो काढला, आणि त्याच आवृत्तीत रीअ‍ॅलॉकअ‍ॅरे घेतला. कॅलॉकमधला ‘सी’ कशाचा यावर मात्र दोन तट आहेत. एक म्हणतो ‘क्लिअर’, कारण तो दिलेली जागा शून्यांनी पुसून देतो. दुसरा म्हणतो ‘कंटिग्युअस’, म्हणजे सलग. सलग जागा मॅलॉकही देतो, त्यामुळे माझं मत पहिल्या तटाला.

‘फ्री’ची कुळकथा सगळ्यांत गोड. जर्मानिक भाषांतला हा शब्द आणि आपला संस्कृत ‘प्रिय’ एकाच मुळाचे. आपल्या माणसांतला, जिव्हाळ्याचा, म्हणून जो गुलाम नाही तो, असा अर्थ सरकत गेला. ‘फ्रेंड’ही त्याच घरचा. वापरून झालेली जागा परत करताना प्रोग्रॅमर जो शब्द लिहितो त्यात इतकी माया असेल, असं वाटत नाही.

आता ‘पोर्टेबल’, म्हणजे एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येणारा प्रोग्रॅम. लॅटिन ‘पोर्तारे’ म्हणजे वाहून नेणं. पोर्टर त्यातलाच, आणि अरबी ‘ह-म-ल’ या वाहण्याच्याच धातूवरून आलेला आपला हमाल त्याचा समव्यवसायी. १९७७च्या सुमारास बेल लॅबमध्ये जॉन्सन आणि रिची यांनी युनिक्स पीडीपी-११ या यंत्रावरून इंटरडेटा ८/३२ या वेगळ्या यंत्रावर नेलं, तेव्हा हे ओझं किती बोजड आहे ते कळलं.

नाव वाहून नेणं सोपं, अर्थ नेणं अवघड. मॅलॉककडे शून्य बाइट मागा. लिनक्सवरची नेहमीची लायब्ररी एक खरा पत्ता देते. आयबीएमच्या एआयएक्सवर एरवी नल मिळतो. प्रमाणकाला दोन्ही मान्य. मग ‘नल आला, म्हणजे जागा संपली’ असं समजणारा प्रोग्रॅम एका यंत्रावर शहाणा आणि दुसऱ्यावर वेडा ठरतो. रीअ‍ॅलॉकला शून्य दिलं तर आणखी गोंधळ: १९८९मध्ये त्याचा अर्थ ‘सोडून दे’ असा होता, आणि सी-२३ या नव्या प्रमाणकाने तर ते वर्तनच अव्याख्यायित ठरवलं. एकाच शब्दाचा अर्थ दर आवृत्तीत बदलणारा असा कोश मी दुसरा पाहिलेला नाही.

उपाय शब्दांच्याच वाटेने निघाले. ग्नूचं ऑटोकॉन्फ हे साधन शून्याची ही परीक्षा घेतं, आणि मॅलॉक नापास झाला तर त्याच्या जागी ‘आरपीएल-मॅलॉक’ हे नाव बसवतं; आरपीएल म्हणजे रिप्लेसमेंट, बदली कामगार. दुसऱ्या यंत्रासाठी बांधणी करताना ही परीक्षा घेता येत नाही, मग मॅलॉक अनेकदा नापासच धरला जातो. बदली कोणी लिहिलेलाच नसेल, तर हा कामगार हजेरीपटावर असतो पण कामावर येत नाही, आणि लिंकर त्याच्या नावाने ओरडतो. त्याहून साधा मार्ग ‘एक्स-मॅलॉक’ नावाच्या घरगुती वेष्टणाचा. त्यात आपला अर्थ आपणच ठरवायचा: मागणी शून्याची असेल तर खाली एक बाइट मागायचा, म्हणजे नल आला तर त्याचा अर्थ सगळीकडे एकच.