तारेपासून वाय-फायपर्यंत
कळंबात संगणक दुरुस्त करताना 'नेट मधूनच जातं' हे गाऱ्हाणं मी नेहमी ऐकतो. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईत इंटरनेट सुरू केलं, ते टेलिफोनच्या तारेवरून. नेट चालू असेतो घरचा फोन अडकून राहायचा. जानेवारी २००५ मध्ये सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला. वाय-फायची वाट मोकळी झाली, पण त्याच पट्ट्यात ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हही आहेत. एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. शेजारपाजारचे राउटर एकाच चॅनलवर आले की जोडणी डळमळते. म्हणून मी आधी चॅनल बदलतो. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन, वीज वाचवण्यासाठी वाय-फाय कार्ड बंद करू देणारी खूण काढतो. राउटर जवळ असेल तर ५ गिगाहर्ट्झ निवडतो. मुलांचा अभ्यास या जोडणीवर चालतो. ती टिकलीच पाहिजे.