यमुनेच्या डोक्यावरचे केस

श्रोतेहो, मराठीतली पहिली स्वतंत्र कादंबरी कोणती, असं विचारलं की वर्गातून उत्तर येतं, 'यमुनापर्यटन', १८५७, बाबा पदमनजी. गुण मिळतात आणि पुस्तक मिटतं ते मिटतंच. आज आपण तिचा शेवट तेवढा पाहू.

यमुना मिशनच्या शाळेत शिकलेली, नवरा विनायक समजूतदार. दोघं प्रवासाला निघतात आणि विधवांच्या कहाण्या ऐकत जातात. कुणाचं वपन झालेलं, कुणाचं व्हायचं. न्हाव्याचा वस्तरा असा वाटेत पुन्हा पुन्हा आडवा येतो. केस गेले म्हणजे नुसतं रूप गेलं असं नव्हे, बरं का! हळदीकुंकू, लग्नकार्य, चार माणसांत उजळ माथ्यानं वावरणं, सगळंच गेलं. पुढं विनायक वारतो. मग जे यमुनेनं दुसऱ्यांच्या घरी पाहिलं, तेच तिच्या वाट्याला येऊ पाहतं. पण ती त्यातून सुटते, ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते.

पदमनजींनी स्वतः १८५४ साली बाप्तिस्मा घेतला होता. त्यांच्या लेखी यमुनेची सुटका म्हणजे आत्म्याचं तारण. शेवट प्रचारकी आहे, हे टीकाकारांचं म्हणणं मलाही मान्य आहे. पण उपदेश विसरला जातो नि राखलेले केस लक्षात राहतात. कारण आदल्याच वर्षी, १८५६ साली, पुनर्विवाहाचा कायदा झाला होता. त्यानं लग्नाला मोकळीक दिली, पण पुन्हा लग्न करणारीचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क काढून घेतला. आणि वस्तऱ्याबद्दल तो काहीच बोलला नाही.

तळ्याकडचे कुणबी श्रोते म्हणतील, 'आमच्यात तर पाट लागायचा!' खरंच आहे. पुस्तकाच्या नावात पुढं 'हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण' असं असलं, तरी वपनाचा जाच होता तो मुख्यतः ब्राह्मणादी वरच्या जातींतल्या बायकांना. आणि तो वस्तरा खाली ठेवायला पुढं सरसावले कोण? न्हावीच! १८९० साली मुंबईत नाभिकांनी सभा भरवून विधवांचे केस उतरवायचे नाहीत असं ठरवलं. नारायण मेघाजी लोखंडे त्यांच्या पाठीशी होते.

बाकीच्या खुणा मात्र मागं उरल्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. तो मे २०२२ चा. यमुनेची कहाणी छापून निघाल्याला तेव्हा १६५ वर्षं झाली होती.