समुद्रस्नानाच्या तीन याद्या

जुन्या दप्तरांत याद्यांचा भरणा मोठा असतो. किल्ल्यांच्या, इनामगांवांच्या, पागेंतील घोड्यांच्या याद्या वाचतांना संशोधकास एक प्रश्न नेहमीं पडतो. यादींत जें नाहीं तें मुळांतच नव्हतें, कीं तें नोंदणें लिहिणारास सोयीचें नव्हतें? हाच प्रश्न अर्वाचीन कागदांसहि लागू पडतो, हें दाखविण्यासाठीं इंग्लंडांतील समुद्रस्नानाच्या पाण्याच्या तपासणीचा इतिहास आम्हीं येथें संक्षेपानें देत आहों. किनाऱ्यावरील पाणी दूषित आहे ही सूचना स्नान करणारास कोणामुळें मिळूं लागली, याचा उलगडा त्या देशांतील तीन याद्यांवरून होतो.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडांतील बहुतेक किनाऱ्यांवरील शहरें आपलें मैलापाणी नळांनीं सरळ समुद्रांत सोडीत असत. याच किनाऱ्यांवर उन्हाळ्यांत लोक स्नानास येत. या पाण्यापासून रोग होतात काय, हें पाहण्यासाठीं १९५३ सालीं एक समिति नेमण्यांत आली. तिचा अहवाल १९५९ सालीं प्रसिद्ध झाला. पाणी पाहतांच किळस यावी इतकें घाण नसेल, तर त्यांत स्नान करण्याचा धोका व्यवहारतः उपेक्षणीय आहे, असा त्याचा आशय होता. पुढें बरींच वर्षें सरकारी धोरण या निष्कर्षावर विसंबून राहिलें.

पहिली यादी सरकारी नव्हे. १९५७ सालीं एका दांपत्याची लहान मुलगी समुद्रस्नानानंतर पोलिओनें वारली. स्नान व रोग यांचा कार्यकारणसंबंध त्या एका उदाहरणांत सिद्ध झाला नाहीं, हें खरें. परंतु कोणत्या किनाऱ्यावर मैलापाणी कोठें व कसें सोडलें जातें, हें जाणण्याचें साधन सामान्य मनुष्यास नव्हतें, ही गोष्ट त्या आईबापांच्या ध्यानांत आली. त्यांनीं किनारा-प्रदूषण-विरोधी संघ स्थापिला व १९६० च्या सुमारास ‘सुवर्ण यादी’ या नांवाची किनाऱ्यांची पुस्तिका काढली. स्नानार्थी लोकांस सावध करणारा हा त्या देशांतील आरंभीचा महत्त्वाचा कागद होय.

दुसरी यादी सरकारची. ब्रिटन १९७३ सालीं युरोपीय आर्थिक समूहांत सामील झाला, आणि ८ डिसेंबर १९७५ रोजीं समूहानें स्नानाच्या पाण्याविषयीं निर्देश काढला. साधारणतः पंधरवड्यास एकदां नमुना घ्यावा, आणि १०० मिलिलिटर पाण्यांत कोलीफॉर्म जंतु १०,००० हून व त्यांपैकीं मलजन्य २,००० हून अधिक नसावेत. शेंकडा ९५ नमुने या मर्यादेंत बसावेत, व हें दहा वर्षांत साधावें, असा तो नियम होता. तो कोठें लागू? जेथें स्नानाची स्पष्ट परवानगी आहे तेथें, किंवा जेथें स्नानास मनाई नसून पुष्कळ लोक परंपरेनें स्नान करीत आले आहेत तेथें. ‘पुष्कळ’ म्हणजे किती, हें मात्र निर्देशांत नव्हतें.

ब्रिटिश सरकारनें प्रत्यक्ष पाण्यांत उतरलेल्यांची गणती हें माप धरलें. परिणामीं १९७९ च्या यादींत अवघीं २७ ठिकाणें आलीं. समुद्रच नसलेल्या लक्झेंबर्गची यादीहि याहून मोठी होती! ज्या ब्लॅकपूलला पिढ्यान्‌पिढ्या लाखों लोक जात, त्याचें नांव तींत नव्हतें. यादींत नांव येणें म्हणजे मैलापाण्याच्या व्यवस्थेचा खर्च अंगावर घेणें होतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे यादीच्या आखूडपणाचें कारण निराळें शोधावें लागत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, कीं तिकडील समुद्र थंड, लोक वाळूवर बसत, पाण्यांत थोडेच उतरत. म्हणून यादी प्रामाणिक असेल. या शंकेचें उत्तर १४ जुलै १९९३ च्या युरोपीय न्यायालयाच्या निकालांत मिळतें. तत्पूर्वीं १९८७ सालीं तिसरी यादी होऊन ठिकाणांची संख्या ३८९ झाली होती. ब्लॅकपूल व साउथपोर्ट येथील पाणी मुदतींत मर्यादेंत न आणल्याचा दोष न्यायालयानें ब्रिटनवर ठेवला. तेथें कपडे बदलण्याच्या खोल्या आहेत, स्नानाच्या जागा दाखविणाऱ्या खुणा आहेत, जीवरक्षक आहेत. अर्थात्‌ तें स्नानस्थान आहे, असें अनुमान न्यायालयानें काढलें. घाटाच्या पायऱ्यांवरून तीर्थाची वहिवाट ठरविण्याची जी आमची रीत, तीच ही. कागद मुका असला तरी स्थळ बोलतें.

१९५९ च्या निष्कर्षासहि पुढें धक्का बसला. १९८९ ते १९९२ या चार उन्हाळ्यांत बाराशेंहून अधिक स्वयंसेवकांवर ब्रिटिश किनाऱ्यांवर प्रयोग झाला, व तो १९९४ सालीं प्रसिद्ध झाला. १०० मिलिलिटरमध्यें मलजन्य स्ट्रेप्टोकॉकस जंतु सुमारें ३२ हून वाढले, कीं स्नान करणारांत पोटाचे विकार वाढतात, असें त्यांत आढळलें. इतके जंतु डोळ्यांस दिसत नाहींत. म्हणजे किळस हें माप निरुपयोगी ठरलें.

२००६ च्या नव्या निर्देशानें पाण्याच्या चार प्रती ठरविल्या, आणि त्या प्रतीची माहिती किनाऱ्यावर फलकानें देणें आवश्यक केलें. फलकाचीहि मर्यादा जाणली पाहिजे. नमुन्यांतील जंतु वाढवून मोजण्यास एक-दोन दिवस लागतात, आणि जोराचा पाऊस झाला कीं गटारें ओसंडून पाणी कांहीं तासांत बिघडतें. म्हणून पावसावरून आगाऊ इशारा देण्याची पद्धति पुढें आली.

या तीन याद्यांवरून आम्ही एवढाच निष्कर्ष काढतों, कीं ज्याचें नांव यादींत नाहीं त्याची तपासणी नाहीं, आणि जेथें तपासणी नाहीं तेथें इशाराहि नाहीं. १९७९ ची यादी एकटी हातीं आली असती, तर त्या देशांत स्नानस्थानें अवघीं २७ होतीं असें एखादा भोळा संशोधक लिहून मोकळा झाला असता. संग्राहकांनीं यादी जपतांना ती कोणीं केली, कोणत्या मापानें केली, व तींत नांव आल्यानें कोणावर कोणता बोजा पडत होता, हें तिच्यासोबतच टिपून ठेवावें. वगळलेल्या नांवांचा जाब त्याशिवाय विचारतां येत नाहीं.