छडीचा अंमल

तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांच्या दरम्यान वसलेल्या पेडणे महालावर गेल्या अडीच शतकांत तीन राजवटींनी अंमल केला. सावंतवाडीकर सावंत-भोसल्यांकडून १७८८ मध्ये तो पोर्तुगीजांच्या हाती गेला आणि त्यांच्या दफ्तरी ‘नव्या काबिजादीं’त दाखल झाला, १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्ताही संपुष्टात आली, आणि ज्या मोपाच्या सड्यावर पिढ्यान्‌पिढ्या गुरे चरली, त्याच सड्यावर जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमाने उतरू लागली. महसुलाची भाषा, चलन, फौजदारी कायदा आणि सरहद्दीवरची चौकी हे सारे बदलत असताना शाळेच्या चार भिंतींआडची एक सत्ता मात्र कोणत्याही तहनाम्याने हस्तांतरित झाली नाही, की कोणत्याही फर्मानाने खालसा झाली नाही. ती सत्ता गुरुजींच्या छडीची.

तिचे मूळ शोधू गेल्यास फार मागे जावे लागते. गौतमधर्मसूत्रात शिष्याचे शासन ताडनावाचून करावे असा मुख्य विधी सांगितला असून, ते न साधल्यास बारीक दोरीने किंवा वेळूच्या पातळ कांबीने मारावे, आणि अन्य साधनाने मारणाऱ्या गुरूला राजाने दंड करावा, असे म्हटले आहे. मनुस्मृतीतही प्रहार पाठीवरच करावा, मस्तकावर कदापि करू नये, अशी मर्यादा घातली आहे. आजच्या न्यायबुद्धीला या मर्यादा अपुऱ्या वाटतील, आणि त्या अपुऱ्या आहेतच. तथापि दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या सूत्रकाराला गुरूचा हात मोकळा सोडणे धोक्याचे वाटले आणि शिष्याच्या बाजूने राजसत्ता उभी करावीशी वाटली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. परंपरेने पुढे उचलले ते मात्र अपवादाचे वचन. मुख्य विधी विस्मृतीत गेला.

पेडणे, डिचोली, सत्तरी या नव्या काबिजादींत हिंदूंचे धर्माचार व रीतिरिवाज राखण्याचे धोरण सरकारने स्वीकारल्यामुळे तेथे मराठी विद्येची परंपरा तग धरून राहिली. देवळाच्या अग्रशाळेत किंवा एखाद्या संपन्न गृहस्थाच्या पडवीत शाळा भरे. शिकवणाऱ्याला गोव्यात शेणैमामा म्हणत, सरहद्दीपलीकडे तोच पंतोजी. धूळपाटीवर मुळाक्षरे, मग मोडीचा कित्ता, पावकी, निमकी, दिडकी, औटकी आणि तोंडी हिशेब, असा तो अभ्यासक्रम असे आणि मोबदला तांदूळ, नारळ व थोडेसे रोख असा मिळे. सरकारी वेतन नाही, निवृत्तिवेतन नाही, तपासनीस नाही, अशा स्थितीत गावाच्या मर्जीवर जगणाऱ्या त्या दरिद्री माणसाने पिढ्या साक्षर केल्या, हे ऋण विसरता येणार नाही. परंतु त्याच पडवीत अंगठे धरून ओणवे राहणे, उठाबशा, कान पिळणे, निगडीची शिपटी आणि चिव्याची काठी यांचेही राज्य होते. आणि मूल शाळेत घालताना त्याला चौदावे रत्न दाखवायला कमी करू नका, असे बापच आपण होऊन मामांना सांगत असे. ही सांगी म्हणजेच छडीची खरी सनद होती. गुरूचा अधिकार बापाकडून आला होता, आणि बापाचा अधिकार कोठून आला हे विचारण्याची कोणाला गरज भासली नव्हती.

१९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि हिंदूंना बरोबरीचे नागरिकत्व मिळाल्याने गोव्यातील खाजगी मराठी शाळांना व वाचनालयांना बहर आला. दुसरीकडे सरकारी पोर्तुगीज शाळा होत्या, जेथे मुले ‘सेगुंद ग्राव’ची परीक्षा देत. त्या शाळांच्या परंपरेत छडीची जागा पाल्मातोरियाने घेतली होती. मूठ लावलेली ही लाकडी चकती तळहातावर मारीत, आणि तिला अनेकदा पाच भोके पाडलेली असत. त्या पाच भोकांवरून खुद्द पोर्तुगालात तिला ‘पाच डोळ्यांची पोर’ असे लाडके नाव पडले होते. यातनेच्या साधनाला लाडके नाव देणारा समाज ती यातना किती अंगवळणी पाडून घेतो, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता? शेणैमामा आणि पोर्तुगीज प्रोफेसोर यांचा धर्म, भाषा, वेष आणि ग्रंथ यांत कशातही मेळ नव्हता; मुलाच्या तळहाताविषयी मात्र दोघांचे एकमत होते.

मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव प्राथमिक शाळा उघडल्या, आणि मुंडकारांची, शेतमजुरांची, धनगरांची मुले प्रथमच पाटी घेऊन बसली. गोव्याच्या विसाव्या शतकात याहून मोठे लोकोपयोगी कार्य मला दिसत नाही. तरीही सकाळी गुरे सोडून किंवा पाणी भरून उशिरा येणाऱ्या, घरी कोणी अक्षर दाखवणारे नसलेल्या या नव्या विद्यार्थ्यालाच छडी अधिक खावी लागली, हे दुःख त्या कार्याच्या पोटातच होते. मारामुळे शाळा सोडलेल्यांची गणना कोणत्याही हजेरीपटात होत नाही.

मुक्तीमुळे गोव्यात जे भारतीय दंडविधान आले, ते १८६० चे. त्याच्या ८९ व्या कलमान्वये बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी, सद्‌हेतूने व पालकाच्या संमतीने केलेली कृती अपराध ठरत नसे. म्हणजे बापाच्या त्या जुन्या सांगीलाच इंग्रजी कायद्याचे पाठबळ मिळाले. युरोपातही लढा प्रथम पालकाच्या इच्छेभोवतीच फिरला. स्कॉटलंडमधील दोन मातांनी, शाळेतील चामडी पट्ट्याचा मार आपल्या श्रद्धेविरुद्ध आहे म्हणून, युरोपीय मानवाधिकार न्यायालयात दाद मागितली आणि १९८२ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला; परंतु तो लागला मुख्यतः पालकांच्या तात्त्विक मतांचा अवमान झाला म्हणून. ज्या मुलाचे आईबाप मारास राजी होते, त्याला या निकालाने काय मिळाले?

या प्रश्नाचे उत्तर संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेने दिले. तिची मूळ सूचना १९७८ मध्ये पोलंडने मांडली होती, आणि शाळेतील मारास मनाई करण्याचा मान १७८३ मध्ये ज्या देशाने मिळवला, तोही पोलंडच. शाळेतील शिस्त बालकाच्या मानवी प्रतिष्ठेशी सुसंगत असली पाहिजे, असे या संहितेचे २८ वे कलम सांगते; हक्काचा धनी येथे प्रथमच मूल स्वतः आहे, बाप नाही. भारताने ती ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारली. २००० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शारीरिक शिक्षेची मुभा देणारा तेथील नियम घटनाबाह्य ठरवला, आणि २००३ मध्ये गोवा विधानसभेने बाल अधिनियम संमत करून राज्यातील सर्व शाळांत शारीरिक शिक्षेवर बंदी घातली व बालकांसाठी स्वतंत्र न्यायालयाची तरतूद केली. त्या वेळी मुख्यमंत्री होते मनोहर पर्रीकर, ज्यांचे नाव आज मोपाच्या विमानतळाला आहे. अशीच मनाई करणारे शिक्षणहक्क अधिनियमाचे १७ वे कलम जम्मू-काश्मीर वगळता साऱ्या देशात लागू होण्यास १ एप्रिल २०१० उजाडावा लागला. या एका बाबतीत मोपाचे मूल बहुतेक देशाच्या सात वर्षे पुढे होते.

कायदा झाला म्हणून मन बदलले असे मात्र नाही. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने, बाल न्यायालयाने दोषी ठरवलेल्या एका प्राथमिक शिक्षिकेची निर्दोष मुक्तता करताना, मुलाला वळण लावण्यासाठी शिक्षकाला कधी थोडे कठोर व्हावे लागते आणि तेवढ्याने बालछळाचा गुन्हा होत नाही, असा अभिप्राय दिला. फौजदारी शिक्षेसाठी पुराव्याची कसोटी कडक असावी, हे मला मान्य आहे. शिक्षिकेला गुन्हेगार ठरवणे आणि तिच्या कृतीला अयोग्य ठरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणूनच १७ व्या कलमाने शिक्षकावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई सांगितली आहे. परंतु ‘थोडे कठोर’ हे माप ठरवणार कोण? ते ठरवण्याचा अख्त्यार पुन्हा मारणाऱ्याच्याच हाती दिला, तर शेणैमामाच्या पडवीपासून येथवर केलेली वाटचाल आपणच व्यर्थ ठरवू.

मोपा, तोरसे, वारखंड, चांदेल येथील आईबापांना म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे: मूल शाळेत घालताना ती जुनी परवानगी मास्तरांना देऊ नका, कारण ती देण्याचा हक्क आता तुमच्याकडे उरलेला नाही, आणि मुलाने मार खाल्ल्याचे घरी येऊन सांगितले, तर त्याने काय आगळीक केली हे विचारण्याआधी शाळेत जा आणि लेखी तक्रार द्या.